धूर फक्त डाव्या बाजूला

त्या वर्षी दसऱ्यापासून माझी झोप उडाली ती रेवाच्या डोळ्यांमुळे. रेवा माझी मुलगी, वय साडेपाच. तिचे डोळे उत्तम. पण माझ्या चष्म्याचा नंबर उणे नऊ, आणि माझं बाकीचं सगळं तिच्यात उतरलंय: नाक, हट्ट, सकाळी न उठणं. मग नंबर तेवढा कसा उतरणार नाही? या एका प्रश्नापायी मी रोज तास-दोन तास छताकडे बघत पडायची. छत मला चष्म्याशिवाय दिसतच नाही, ही गोष्ट वेगळी!

झालं भलतंच. आणि त्या भलत्याचे किस्से इतके साठलेत की आता मीच सांगून टाकलेले बरे. आमची सरकारी क्वार्टर्स तीन मजली. लिफ्ट नाही. दम खायला सगळे जिन्यात थांबतात, आणि थांबलेला माणूस बोलतोच. माझ्या डोळ्याची बातमी वरच्या मजल्यावरून निघून तळमजल्यावर पोचली तेव्हा माझे दोन्ही डोळे गेले होते. गेटपर्यंत पोचली तेव्हा माझ्या नवऱ्याची बदली झाली होती.

तर, मूळ प्रत ही.

*

रेवाचे डोळे मी पंधरा दिवसांत तीनदा तपासून घेतले. आमच्या मार्केटमधल्या चष्म्याच्या दुकानात एक चुणचुणीत मुलगी बसते. तिसऱ्या वेळेला तिने रेवाला तपासलंच नाही, नुसतं चॉकलेट दिलं.

"मैडम, बच्ची की आँखें एकदम परफेक्ट हैं. आपकी कब चेक हुई थीं?"

"मेरी?" मी म्हटलं, "मेरी तो पहले से खराब हैं!"

आणि निघून आले.

इथेच आणखी एक गोष्ट कबूल करते, कारण नंतर करायला जास्त लाज वाटेल. मी फिजिक्सची एम.एस्सी. आहे. दोन वर्षं कॉलेजात ऑप्टिक्स शिकवलंय. डोळ्याची आकृती फळ्यावर काढून तिला बाणसुद्धा काढलेत.

*

दिवाळीच्या दोन दिवस आधी मी समीरला सांगितलं, "गॅलरीतली लाइटची माळ लूज आहे. सारखी चमकते."

समीर माझा नवरा. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. कुठलीही तक्रार आली की तो आधी कागद-पेन्सिल घेतो. त्याने माळ तपासली, प्लग बदलला, शेवटी माळ काढून गुंडाळून खोक्यात घातली.

संध्याकाळी मी म्हटलं, "समीर, अजून चमकतेय! डावीकडे, कोपऱ्यात. कॅमेऱ्याचा फ्लॅश मारल्यासारखी."

समीर खोकं हातात धरून उभा होता. "ही?"

समोरच्या क्वार्टरमधल्या शमीम काकी तेवढ्यात चकल्यांचा डबा घेऊन आल्या. काकी मूळच्या कोल्हापूरच्या. दिल्लीत तीस वर्षं काढली, एका सरकारी ऑफिसात मेडिकलचे कागद बघत नुकत्याच रिटायर झाल्या, पण बोलणं अजून रंकाळ्यावरचंच.

"काकी, तुम्हाला चमकतंय का हो काही?"

"दिवाळी आहे बाई, चमकणारच! ईदला चमकायला लागलं तर सांग, मग बघू."

*

त्यानंतर डास आले.

दिल्लीत त्या दिवसांत डास म्हणजे डेंग्यू, आणि घरात लहान मूल. मी विजेची रॅकेट घेऊन घरभर फिरायला लागले. एक मोठा काळा डास आणि त्याच्यामागे बारीक बारीक दहा-बारा. मी मारायची, तो सटकायचा. रॅकेटमधून एकदाही चट्ट असा आवाज नाही!

समीरने पेन्सिल घेतली. "कुठे दिसतो तो?"

"मी बघेन तिथे."

"म्हणजे तुझ्या मागे मागे येतो?"

"मागे नाही रे. मी डावीकडे बघितलं की तो डावीकडे जातो. मी थांबले की जरासा पुढे तरंगतो आणि मग थांबतो."

समीर बराच वेळ विचार करत राहिला. एक एम.एस्सी. आणि एक सेक्शन ऑफिसर, दोघं मिळून किती वेळ विचार करू शकतात, याची तुम्हाला कल्पना नाही.

"ट्रेन केलेला दिसतोय," तो म्हणाला, आणि रॅकेट चार्जिंगला लावली.

*

दिवाळी संपली आणि नेहमीप्रमाणे दिल्लीवर धूर उतरला. शाळांना सुट्ट्या लागल्या. सगळ्यांना खोकला झाला. मला खोकला नव्हता. मला नुसता धूर दिसत होता, आणि तोही घरात, खाली डाव्या बाजूला. राखाडी, कडेने वर येणारा.

आम्ही एअर प्युरिफायर आणला. त्याच्यावर आकडा दिसतो आणि दिवा लागतो. लाल म्हणजे घाण, हिरवा म्हणजे साफ. दिवा हिरवा झाला. धूर तिथेच. मी म्हटलं, मशीन खोटं बोलतंय. दोन दिवस कंपनीला फोन करकरून शेवटी फरीदाबादहून मेकॅनिक बोलावला. बिचारा मफलर गुंडाळून दीड तास जॅममधून आला. फिल्टर काढला, झटकला, परत लावला.

"मैडम, हवा तो बिल्कुल साफ है. धुआँ किधर दिख रहा है आपको?"

मी हात केला. "इधर. नीचे, लेफ्ट में."

त्याने मशीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग अत्यंत समजूतदारपणे प्युरिफायर उचलून माझ्या डाव्या बाजूला ठेवला.

"अब ठीक है?"

मी म्हटलं, "हाँ, थोड़ा फर्क लग रहा है." सहीसुद्धा केली!

*

त्याच आठवड्यात मला आणखी एक कोडं पडलं होतं. जेवताना माझं ताट संपेना. दोन चमचे दुधीची भाजी वाढून घ्यायची, चार चमचे खायची, तरी ताटात दोन उरलेले! द्रव्य अक्षय्यतेचा नियम मी स्वतः शिकवलेला, त्यामुळे ताटावर संशय घेता येईना. स्वतःवर घेतला. म्हटलं, आपल्याला झोप नाही, आपण दोनदा वाढून घेत असणार.

गुरुवारी दुपारी शमीम काकी जेवायला बसल्या होत्या, माझ्या समोर. रेवा माझ्या डाव्या हाताला. समीर घरूनच काम करत होता, लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत. मी काकींना मेकॅनिकचं सांगत होते आणि काकी एकदम ओरडल्या.

"काय गं ए! आईच्या ताटात टाकतीस? तिला दिसत नाही होय?"

रेवाला काही लाज नाही, काही नाही. "हो ना, काकी. वो तरफ से आईला दिसतच नाही."

"कुठल्या तरफ से?"

"ये वाली." म्हणे तिने माझ्या कानाजवळ हात हलवून दाखवला. म्हणे, कारण मला तो दिसला नाही.

मी हसले. काकी हसल्या नाहीत. त्यांनी आमटीची रिकामी वाटी उचलली आणि माझ्या उजव्या डोळ्यावर उपडी धरली. "हलू नकोस. माझ्या नाकाकडं बघ. काय काय दिसतंय ते सांग."

"तुमचं नाक. चमकी. मागे कॅलेंडर."

"आणि तुझी लेक?"

"रेवा? रेवा कुठे गेली?"

"मी इथेच आहे, आई," रेवा म्हणाली. अगदी जवळून, त्या धुरातून.

मला आजपर्यंत एवढी भीती कधी वाटली नव्हती, आणि मी तर भीतीत अनुभवी बाई आहे!

*

काकींनी मला चप्पल घालायला लावली. त्यांच्या मोठ्या भावाचं असंच झालं होतं. आधी चमकलं, मग ठिपके, मग एका बाजूने पडदा. तो बापडा 'नंबर वाढलाय, नंबर वाढलाय' म्हणत पंधरा दिवस घरी बसला आणि त्या डोळ्याची नजर गेली ती गेलीच.

आवाज ऐकून समीर बाहेर आला, आणि घाबरून त्याला जे उत्तम येतं ते करायला लागला. "आधी डिस्पेन्सरीतून रेफरल घ्यावं लागेल. आता ती बंद झाली असेल, पण उद्या सकाळी लवकर गेलो तर..."

"समीर, डोळा आहे तो!" काकी म्हणाल्या. "फाइल नव्हे, उद्या पुट अप करायला! इमर्जन्सीत पेशंट आधी जातो, कागद मागनं जातो. बावीस वर्षं मीच ते कागद फिरवलेत, मला शिकवतोस?"

टॅक्सीत बसेपर्यंत समीरने पेन्सिल काढली होती. हॉस्पिटलात विचारणारच, कधीपासून होतंय. माझ्या तारखांचा घोटाळा. दिवाळीच्या आधी? नंतर? धुराबरोबर? शेवटी मागच्या सीटवरून रेवाने नीट जबाब दिला.

"संडेपासून. पहिले एकदम खालून न्यायला लागायचं, चुपचाप. मंडेला थोडं वरून चाललं. अब तो कसं पण टाकलं तरी आईला कळत नाही."

ती पाच वर्षांची पोर रोज माझ्या नजरेची हद्द मोजत होती, दुधीने! आणि मी प्युरिफायर हलवत होते.

*

डॉक्टरीणबाईंनी थेंब घातले, बाहुली मोठी झाली, डोक्यावर दिव्याची पट्टी लावून त्यांनी भिंगातून बघितलं. "ऊपर देखिए. नीचे. नाक की तरफ." मग सरळ बसल्या.

"रेटिना डिटैच हो रहा है. ऊपर, नाक की तरफ फटा है."

"नहीं डॉक्टर," मी म्हटलं, "मुझे तो नीचे, कान की तरफ नहीं दिखता."

"इसीलिए तो."

डोळ्यात प्रतिमा उलटी पडते. फळ्यावर बाण मीच काढले होते.

समीर पेन्सिल सरसावून बसला होता. त्याला कळेल असं त्यांनी सांगायला घेतलं. "देखिए, रेटिना दीवार पे लगे वॉलपेपर जैसा है. पहले उसमें छेद हुआ..."

"मग त्या भोकातून पाणी आत गेलं," समीर एकदम मराठीत सुरू झाला, मग भानावर येऊन हिंदीत, "और पानी पीछे फैलता गया, और पोपडा, मतलब पपड़ी, दीवार छोड़ती गई! और जितनी देर करेंगे उतनी और छोड़ेगी!"

डॉक्टरीणबाई चकित झाल्या. "बिल्कुल! आप सिविल इंजीनियर हैं?"

"नहीं जी. सरकारी क्वार्टर में रहते हैं."

हसून झाल्यावर त्या गंभीर झाल्या. मधला भाग अजून चिकटलेला होता. त्यानेच आपण वाचतो, चेहरे ओळखतो. तो सुटण्याआधी ऑपरेशन व्हायला हवं, उद्या सकाळीच. दुसऱ्या डोळ्यातही दोन जागा विरलेल्या होत्या, त्यांना लेझर.

मी विचारलं, "जो नहीं दिख रहा, वो वापस आएगा?"

"बीच का बचाना है, वो पहला काम. साइड का..." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "देखेंगे."

*

ऑपरेशनबद्दल माझ्याकडे फारसा किस्सा नाही. डोळा बधिर केलेला, तोंडावर हिरवं कापड, मी जागी. आतला चिकट द्रव काढायचा, रेटिनाचा सुटलेला पडदा जागेवर बसवायचा, भोकाच्या कडेने लेझरचे टाके मारायचे, आणि तो सुटू नये म्हणून आतून गॅसचा फुगा भरायचा. हे सगळं चालू असताना मी विचारलं, "डॉक्टर, मेरी बेटी ने नाश्ता किया होगा क्या?"

"मैडम," कापडापलीकडून आवाज आला, "इस वक्त आप दोनों में से सिर्फ एक की चिंता मैं कर सकती हूँ."

*

खरा गोंधळ नंतर. गॅस वर तरंगतो, म्हणून तो पडद्यावर दाबून बसावा यासाठी मला पाच दिवस तोंड जमिनीकडे करून राहायचं होतं. खाताना, बोलताना, झोपताना. विमान बंद. डोंगरावर जाणं बंद, कारण उंचीवर तो गॅस डोळ्यात फुगतो. आमचा डोंगरावर जायचा काहीच बेत नव्हता, तरी मला मसुरीची काळजी वाटायला लागली.

गेटवरच्या गार्डची नवारीची खाट वर आणली. समीरने डोक्याकडच्या पट्ट्या सैल करून तिथे चेहऱ्यापुरतं भोक केलं. त्यातून खाली बघत मी पालथी.

भेटायला लोक आले. समीरच्या ऑफिसातले एक साहेब कस्तुरबा गांधी मार्गावरच्या गेस्ट हाउसमधून साबुदाणा वडे बांधून घेऊन आले आणि माझ्या पाठीशी अदबीने बोलायला लागले. "वहिनी, कशा आहात?" मी फरशीला म्हटलं, "बरी आहे." त्यांना बरं वाटेना. शेवटी सूट सावरत ते जमिनीवर मांडी घालून बसले आणि वाकून भोकाखाली बघायला लागले. त्यांची मान अवघडली ती समीरला धरून सोडवावी लागली.

मग शमीम काकींनी त्यांचा आरसा आणून खाटेखाली तिरका लावला, म्हणजे मला लोक दिसावेत. लोक दिसायला लागले. प्रत्येक जण माझी चौकशी करायला आरशात बघायचा आणि केस नीट करून निघून जायचा.

दुसऱ्या दिवशी आरसा गायब. त्याच्या जागी गादी, आणि गादीवर उताणी रेवा.

"ये मेरी जगह है," ती म्हणाली.

उरलेले दिवस माझ्या जगात एवढंच होतं: दीड हात फरशी आणि त्यावर रेवा. ती तिथेच चित्रं काढायची, तिथेच जेवायची, तिथेच झोपायची. तिच्या भुवईत एक तीळ आहे, हे मला कळलं. शाळेत तिच्या शेजारी कोण बसतं, पेन्सिल कोण चावतं, कोणाशी कट्टी आहे, सगळं कळलं. घरात दूध उतू जातंय का, दार उघडं आहे का, गीझर बंद केला का, यातलं मला काहीही दिसत नव्हतं, त्यामुळे मी नुसत्या रेवाच्या गप्पा ऐकत होते.

सहाव्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता बसा. सगळे खूश. रेवाने मात्र खाटेखालची गादी दोन दिवस काढू दिली नाही.

*

गॅस हळूहळू कमी होतो. आधी सगळं दुधी काचेतून बघितल्यासारखं. मग वरून एक आडवी रेघ खाली यायला लागते. रेघेच्या वर जग, खाली डुचमळणारा फुगा; गॅस डोळ्यात वर असतो, पण दिसतो उलटा, खाली. मान हलवली की फुगा डुलतो, पण रेघ आडवीच. गवंड्याच्या पाणसळीसारखी!

समीरच्या हे लक्षात आलं मात्र. "मुग्धा, जरा इकडे बघ. हे शेल्फ सरळ आहे का?"

"डावीकडे उतरलंय."

"आणि खिडकी?"

"तीपण."

त्याने सगळ्या घराचा सर्व्हे केला, कागदावर उतरवला, आणि आमच्या क्वार्टरच्या मेंटेनन्सला अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात काय लिहिलं ते मी विचारलं नाही. माणसं आली आणि शेल्फ सरळ करून गेली.

पण फुगा होता नेमका खाली. आणि मला न दिसणारी जागा, तीही खाली, डावीकडे. तिथे धूर अजून आहे की फुगा आहे की दोन्ही, मला कळेना. मी रोज विचारायची, डॉक्टरीणबाई रोज म्हणायच्या, "बीच का बढ़िया है. साइड का, बबल जाने दीजिए, फिर देखेंगे." फुगा लिंबाएवढा झाला, वाटाण्याएवढा झाला. एका शनिवारी सकाळी उठले तर नव्हता.

मी डावीकडे बघायचं टाळलं. दिवसभर. परीक्षेचा निकाल लागलाय आणि आपण बोर्डाकडे जात नाही, तसं.

*

रविवारी दुपारी दुधीच होता. मुद्दाम नाही, भाजीवाल्याकडे तोच चांगला होता. काकी समोर, समीर उजवीकडे फोन बघत, रेवा तिच्या जागी, माझ्या डाव्या हाताला. काकी जिन्यातली नवी बातमी सांगत होत्या आणि मी त्यांच्या नाकातल्या चमकीकडे बघत होते.

खाली, कडेला, काहीतरी हललं.

मी मान वळवली नाही. हिरवट काहीतरी. थरथरत, सावकाश, माझ्या ताटाच्या काठावर येणारं.

"रेवा," मी चमकीकडे बघतच म्हटलं, "दुधी परत तुझ्या ताटात."

समीरने फोन खाली ठेवला. काकींनी आमटीची वाटी रिकामी केली, पदराने पुसली आणि माझ्या उजव्या डोळ्यावर धरली.

"सांग."

"चमचा," मी म्हटलं. "स्टीलचा. जरा धूसर आहे. त्यात दोन फोडी. एक पडणार आहे."

पडली.

काकींनी वाटी काढली आणि पदर डोळ्यांना लावला. समीर पेन्सिल शोधायला लागला, ती त्याच्या कानावरच होती. मी हसत होते की रडत होते, ते मला कळत नव्हतं.

रेवा एकटी तशीच बसली होती, चमचा हवेत धरून. तिने चमच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, आधी एका डोळ्यात, मग दुसऱ्यात.

"मतलब," ती म्हणाली, "आता तू परत सगळीकडे बघणार?"